चंपतचं पत्र

द्वारकाबाई त्या बाजारी अनवाणीच आली. पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. बोथच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली, पांडुरंगरावांच्या लाकडी पेटीपाशी ती बसली. पिशवीतून घडी केलेला जुना कागद काढून तिनं नेहमीसारखा पेटीवर ठेवला.

"चप्पल कुठं गेली, बाई?" रावांनी विचारलं.

"तुटली."

"मंग बाजारातून नवी घ्याची ना."

"मंग तुमाले काय देऊ?" ती सहज म्हणाली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठीतले दोन रुपये तिनं कागदाशेजारी ठेवले.

चष्मा पुसायचं निमित्त करून रावांनी मान खाली घातली.

सरकारनं पटवारगिरी मोडीत काढली त्याला चार वर्षं झाली होती. लोक अजून त्यांना पटवारीसाब म्हणत, पण नुसत्या म्हणण्यानं चूल पेटत नाही. बटईनं दिलेल्या शेताची ज्वारी घरात येई. चहा, साखर, घासलेट आणि दम्याच्या गोळ्या मात्र नगद मागत. आधी त्यांनी शिकवण्या धरल्या. पण पोरांना हवी होती आता कचेरीत चालणारी तेलुगू नि इंग्रजी, आणि रावांपाशी होती मराठी नि उर्दू. मग म्हैस घेतली. ती पटवाऱ्यापेक्षाही मानी निघाली, धारेला हात लावू देईना. शेवटी कामी आली ती उर्दूच. निजामाच्या काळचे कागद घरोघरच्या पेट्यांत पडून होते, आणि ते वाचणारी माणसं एकेक करून मातीआड चालली होती. साध्या पावतीचे राव आठ आणे घेत, लांबलचक कागदाचे दोन रुपये. राव वाचतील तेच कागदावर असतं, असा आसपासच्या गावांचा भरवसा होता.

त्या भरवशाला त्यांनी एकदाच दगा दिला होता, गेल्या उन्हाळ्यात.

त्या दिवशी दुपार कलली तरी एक माणूस फिरकला नव्हता आणि घरात चहाची भुकटी संपलेली होती. अशात द्वारकाबाई आली. तिचा नवरा चंपत वारला त्याला महिना झाला होता. तरुणपणी तो सागवानाच्या गाड्या घेऊन जंगलात जायचा, महिनोन् महिने तिकडेच राहायचा, असं तिनंच सांगितलं. त्याच्या पेटीत हा कागद सापडला होता. राव एका नजरेत समजले. बैलखरेदीची पावती होती ती. रंग लाल, डावं शिंग मोडकं, साल तेराशे बावन्न फसली, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागचं. ते सांगणार, एवढ्यात तिनं विचारलं, "त्याईनं माह्यासाठी काई लिवून ठेवलं हाये का?"

रावांना दोन रुपये दिसले. जंगलातून कोणा मुनशीकडून लिहवून घेतलेलं, टपालात टाकायचं राहून गेलेलं पत्र असल्यासारखं त्यांनी ते बिनदिक्कत वाचायला घेतलं. द्वारकेला सांगावं, उन्हाची पाण्याला जाऊ नको. तुझ्या हातच्या अंबाडीच्या भाजीची इथं फार सय येते. रात्री अंथरुणावर पडलो की तुझ्या बांगड्या वाजल्यासारख्या वाटतात. असं बरंच. हे सगळं कुठून सुचलं, ते रावांना घरी गेल्यावर कळलं. आशाबाई, त्यांची बायको, त्याआधीच्या पावसाळ्यात गेली होती. तिला जे सांगायचं राहून गेलं, तेच ते चंपतच्या नावानं बोलून आले होते.

तेव्हापासून दर बाजारी द्वारकाबाई येई आणि तेच पत्र वाचून घेई. सुरुवातीला राव दोन रुपयांची वाट पाहत. पुढे ते तिची वाट पाहू लागले. आठवडाभर त्यांच्या घरात त्यांच्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज नसे. बाजाराच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसत आणि सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसत.

पण आज तिचे पाय त्यांना बघवेनात. खरं सांगितलं तर ती पुन्हा यायची नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं. तरी त्यांनी चष्मा घडी करून खिशात टाकला आणि दोन रुपये तिच्याकडे सरकवले.

"बाई, हे पत्र नाई. बैलाची पावती हाये. मी तुमाले खोटं वाचून दाखवून राह्यलो होतो."

आता ही चार लोकांत आपली अब्रू काढणार, म्हणून ते मान खाली घालून बसले. बाजाराचा गलबला चालूच होता. द्वारकाबाई काही उठली नाही.

"माईत हाये," ती म्हणाली.

रावांनी वर पाहिलं. "कवापासून?"

"तिसऱ्या बाजारापासून. मले वाटलं, हे रोज आयकाव. मनून गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याले हा कागद दाखोला. त्याले उर्दू येते. तो म्हने, ही तं लाल्या बैलाची पावती हाये."

"मंग तीन कोस पायी काऊन येता?"

द्वारकाबाईनं कागदाच्या घड्या तळहातानं नीट केल्या. कागद रावांपुढे ठेवला आणि त्यावर ते दोन रुपये ठेवले.

"चाळीसच्या वर वर्सं संसार केला, पटवारीसाब. जितेपनी ते माह्यासंगं कधी इतकं बोलले नाई," ती म्हणाली. "वाचा."