शनिवारची टेप

१९६७ साली शनिवारी चहाच्या वेळेला इंग्लंडमधल्या आमच्या ग्रिम्सबीच्या घरात कुणी जोरात श्वासही घ्यायचा नाही. टीव्हीवर काळातून फिरणाऱ्या माणसाची मालिका लागायची आणि माझा भाऊ क्लिफर्ड टीव्हीपुढे माइक धरून तिचा आवाज टेप करायचा.

पुढे वाहिनीवाल्यांनी फिती पुन्हा वापरायच्या म्हणून ते भाग पुसले. एका भागाची तर जगात फक्त आमची टेप उरली. तिच्यात परग्रहावरच्या राक्षसांच्या आवाजामागे बाबांचा खोकला होता, आईच्या कपातला चमचा होता, क्लिफर्डच्या खुर्चीची करकर होती आणि माझं खिदळणं होतं.

बाबा गेले त्या आठवड्यात टेपवरचा खोकला गेला. आई गेली, तेव्हा चमचा. क्लिफर्ड म्हणायचा, जुनी टेप आहे, झिजणारच. मीही मान डोलवायचे.

आज दुपारी ती संग्राहकांना पाठवण्याआधी आम्ही एकदा ऐकत होतो. राक्षस बोलायचा थांबला. तिथे खुर्ची करकरायला हवी होती.

"ऐकलंस, मॉरीन? खुर्ची गेली," क्लिफर्ड खुशीत म्हणाला.

"क्लिफ, तुला बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?" त्याने उरलेला टोस्ट तोंडात कोंबला आणि टेप मागे नेली. "आता मध्ये येतं ते फक्त तुझं खिदळणं. तेवढं गेलं की झाली बघ टेप स्वच्छ."