लाभार्थी पाहिजे

"सगळ्या तालुक्यात एक लंगडं पोरगं मिळंना म्हणजे काय! मग हे आरोग्य खातं करतंय तरी काय?"

पंडित टेलरच्या दुकानात पाय ठेवता ठेवताच सुग्रीवअण्णा कडाडला. कार्यक्रम उद्यावर आला होता. केंद्राच्या आरोग्य खात्यानं आजवर काय काय केलं, ते सांगायला दिल्लीच्या मोठ्या डॉक्टरबाई गावात येणार होत्या. स्टेजवर शेजारी साहेब बसणार होते, आणि पंचायत समितीचं तिकीट साहेबांच्याच हातात होतं. त्या तिकिटासाठी अण्णानं डोकं लढवलं. लालभडक तीनचाकी सायकल आणली, चौकात फ्लेक्स लावला: 'पोलिओग्रस्त बालकास सायकल वाटप'. खाली हात जोडलेला स्वतःचा फोटो. सगळं कसं झकास जमलं होतं. फक्त बालक नव्हतं.

नर्सबाई विजयमाला आधीच म्हणाल्या होत्या, "अण्णा, तसलं लेकरू आता न्हाई मिळायचं." अण्णाला वाटलं, बाई काम टाळतेय. मग त्यानं स्वतःच जीप काढली. तेलगाव पालथं घातलं. घाटनांदूरला एक पोरगं लंगडताना दिसलं, तसा अण्णाला देव भेटल्याचा आनंद झाला. पण ते चिंचेवरून पडलं होतं, आणि लवकरच त्याचं प्लास्टर निघणार होतं. "पोलिओच हाय म्हणून सांगा की! एका दिवसाचा तर सवाल हाय," अण्णानं त्याच्या आईला गळ घातली. तिनं पायातली चप्पल काढली. त्यानंतर अण्णा जीपपर्यंत कसा पोचला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"आता साहेब माझी साल काढतेत," अण्णा स्टुलावर बसत म्हणाला. "तिकीट तर गेलंच."

पंडित एका पायानं मशीन मारत होता. उद्यासाठी अण्णाचाच पांढरा सदरा शिवत होता. त्याचा दुसरा पाय लहानपणीच वाळलेला. कुबडी भिंतीला टेकलेली.

"अन् मी कोण हाय बे?" पंडित म्हणाला.

अण्णाची नजर त्या वाळलेल्या पायावर गेली. शाळेत असताना ह्याच पंड्याला पाठंगुळी घेऊन त्यानं पावसाळाभर ओढा ओलांडला होता. पण रोजचा माणूस, त्याच्या पायाकडं कोण कशाला बघतंय!

"पर तू बालक न्हाईस की रं," अण्णा कळवळून म्हणाला.

"न्हाई ना. तुज्या सायकलीत माझं निम्मं बूड बी मावायचं न्हाई. पर उद्या मला घेऊन चल. रिकाम्या स्टेजपरीस बरं."

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. डॉक्टरबाई उठल्या, सायकलीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाळ कुठं आहे?"

साहेबांनी नुसतं बघितलं, पण असं बघितलं की अण्णाला आपलं राजकारण तिथंच संपल्यासारखं वाटलं. आता लपवायचं तरी काय? त्यानं माइक धरला.

"बाई, न्हाई सापडलं. आठवडाभर लई हुडकलं. हा पंडित हाय, पर हा माझ्या वर्गातला. आमच्या गावात ह्याच्या मागनं कुणाला झालंच न्हाई."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"नवी नोकरी लागली तेव्हा मी ह्याच भागात होते," त्या म्हणाल्या. "मांजरसुंब्याच्या फाट्यावर ऊसतोडीला निघालेले ट्रक अडवायचे आणि लेकरांना दोन थेंब पाजायचे. लोक शिव्या द्यायचे. तेव्हा मीही नोंदीसाठी गावोगाव असंच पोरगं शोधत फिरायचे. आणि सापडायचं हो! ज्या गावात जाईन तिथं सापडायचं." हातातले भाषणाचे कागद त्यांनी पर्समध्ये कोंबले. "मी जे सांगायला आले होते, ते यांनी सांगितलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वारं ओळखण्यात साहेब पटाईत. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच. त्यांनी अण्णाच्या पाठीवर थाप मारली आणि कानात सांगितलं, "लागा तयारीला."

अण्णा मात्र गपकन पंडितशेजारी येऊन बसला. स्टेजसमोर गावातली पोरं भाषणाचा कंटाळा येऊन शिवाशिवी खेळत होती, धूळ उडवत होती. त्यांच्याकडं बघता बघता अण्णाचे डोळे भरून आले.

"आता कावून रडतो बे?" पंडित म्हणाला. "मिळालं की तिकीट."

"पंड्या," अण्णा पोरांकडं बघतच म्हणाला, "आठवडाभर रोज सकाळी मी परळीच्या वैजनाथाला हात जोडून एकच मागणं मागत हुतो रं. म्हणलं, देवा, एक तरी लेकरू लंगडं कर."