दोन झाकणं

पोस्टमास्तर आणि त्यांची बायको थकलेली हृदयं घेऊन नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाले. कुणाला खरं औषध, कुणाला साखरेची गोळी, डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. बाटल्या सारख्याच, नंबर तेवढा झाकणावर. पहिल्याच महिन्यात मास्तरांना जिना ढगाचा वाटू लागला. खरं औषध आपल्याच बाटलीत, हे ताडून ते दरमहा गुपचूप दोघांच्या बाटल्यांची झाकणं आपसांत बदलू लागले. मग जिना चढणारी बायको त्यांना तरंगताना दिसायची. वर्षभरानं डॉक्टरांनी सीलबंद यादी उघडली. "खरं औषध आजोबांना होतं." "पण घेतलं हिनं. झाकणं मी बदलायचो," मास्तर खुशीत म्हणाले. बायको पुटपुटली, "अहो, खरं माझ्याच बाटलीत आहे समजून मीही बदलायचे." "म्हणजे ज्याचं त्यानंच घेतलं," डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि दोघांपुढेही खऱ्या औषधाच्या बाटल्या ठेवल्या. सवयीनं मास्तरांचा हात तिच्या झाकणाकडे गेला. तिचा आधीच त्यांच्या झाकणावर होता.