सदतीसचा गाडा, पंचेचाळीसची नळी

"चाकं कसली होती?" विजयाबाईंनी पुन्हा विचारलं.

दिनकररावांनी खिडकीबाहेर पाहिलं. आखातातल्या त्या महबूल्याच्या इमारतींमागची समुद्राची पट्टी धुळीत पुसट झाली होती.

"रबरी," ते म्हणाले.

"अहो, नीट आठवा. रशियनांची पहिली रणगाडाविरोधी तोफ. सन एकोणीसशे तीस. जर्मन नमुन्यावरून केलेली. तिची चाकं?"

"लाकडी?"

"लाकडीच! आऱ्यांची, आपल्या बैलगाडीसारखी. घोडे ओढत होते तोवर ठीक. मोटारीमागे बांधून पळवली की खिळखिळी."

दिनकररावांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. विजयाबाईंना पटेना. ज्या माणसाने या तोफांची एकूण एक आकृती आपल्या हाताने काढली, त्याला चाकं आठवू नयेत?

इकडे आखातात येण्याआधी विजयाबाई नगरच्या कॉलेजात इतिहास शिकवत. दोन महायुद्धांमधल्या सोव्हिएत तोफांवर त्यांचं पुस्तक अर्धं लिहून झालं होतं. दिनकरराव इथल्या इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायचे. संध्याकाळी घरी आले की बायकोच्या पुस्तकासाठी आकृत्या काढत बसायचे. "तुझ्या तोफा मला झोपेतही दिसतात," असं कुरकुरायचे, आणि पुन्हा पेन्सिलीला टोक करायचे.

मग ते विसरण्याचं आजारपण आलं आणि घराची घडी विस्कटली. दिनकरराव रजेवर. बाहेरच्या दाराला वर नवी कडी. रत्नागिरीकडची नर्स अफ्रीन रोज यायला लागली. ती गोळ्या दोघांनाही द्यायची. आपल्या गोळ्या शक्तीच्या असणार, असं म्हणून विजयाबाई मुकाट गिळत. धावपळ काय कमी होती?

गेल्या आठवड्यात दिनकरराव स्वयंपाकघरात हळू आवाजात फोनवर बोलत होते. पलीकडे मुलगी होती, प्रणिता, पुण्याहून.

"नाही गं, संस्थेत नाही. थोडे दिवस दे मला. डॉक्टर शुक्रवारी येऊन बघणार आहेत, मग ठरवू."

दाराआड उभ्या विजयाबाईंचे डोळे भरून आले होते. स्वतःसाठी अशी गयावया करावी लागावी माणसाला! तिथल्या तिथे त्यांनी मनाशी गाठ बांधली. यांना अशा आजाऱ्यांच्या संस्थेत जाऊ द्यायचं नाही. यांचं डोकं पुन्हा चालतं करायचं. आणि त्यासाठी तोफांसारखं दुसरं काही नव्हतं.

आज शुक्रवार होता.

"पुढे चला. बत्तीस साली काय केलं?"

"अख्खी नवी तोफ केली."

"चूक! गाडा तोच ठेवला, सदतीसचा. वर पंचेचाळीस मिलिमीटरची नळी चढवली. का?"

"रणगाड्यांचं चिलखत जाड झालं म्हणून."

"तेवढंच नाही. सदतीसचा स्फोटक गोळा इवलासा. पायदळावर टाकून उपयोग काय? एकाच तोफेने दोन्ही कामं करावीत, म्हणून मोठी नळी."

अफ्रीन पाण्याचा पेला घेऊन आली. "ताई, आधी गोळी घ्या. मग चालवा तोफा."

"यांना दिलीस?"

"दिली ना," अफ्रीन म्हणाली आणि लगबगीने आत गेली.

"आता शेवटची," विजयाबाई म्हणाल्या. "सदतीस सालची."

"ती सदतीसची. म्हणजे सदतीस मिलिमीटरची."

"अहो, घोळ घालू नका! सदतीस मिलिमीटरची ती तीस सालची. सदतीस सालची ती पंचेचाळीसची. वेगाने ओढता यावी म्हणून तिच्या चाकांना त्यांनी बसवल्या..."

शब्द आला नाही.

अगदी ओठांवर होता. विजयाबाईंनी डोळे मिटले. वस्तू दिसत होती, दाबली की पुन्हा उसळणारी. नाव तेवढं कुठल्या कुठे निसटून गेलं होतं. रात्री झोप झाली नाही की असंच होतं, त्यांनी स्वतःला सांगितलं.

एरवी दुसऱ्याचं वाक्य तोडायची दिनकररावांना भारी खोड. आज मात्र गुडघ्यांवर मुठी आवळून ते नुसते बसून राहिले.

नाही. आपणच अडलो तर यांना कोण ओढणार? विजयाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. नगरच्या वर्गातला फळा आठवला, खडूने काढलेलं चाक आठवलं, चाकामागचं ते वेटोळं...

"स्प्रिंगा!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "स्प्रिंगा बसवल्या!"

दिनकरराव हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आठवल्याचा आनंद झाला असेल बिचाऱ्यांना, विजयाबाईंना वाटलं.

दारावरची बेल वाजली. अफ्रीनने वरची कडी काढली. डॉक्टर सुयोग खालच्याच मजल्यावर राहायचे, इथल्या शुक्रवारच्या सुट्टीमुळे साध्या सदऱ्यात आले होते. विजयाबाई लगेच उठल्या.

"डॉक्टर, यांना संस्थेत पाठवायचं नाही. मी सांगून ठेवते. चुकतात, पण सांगितलं की लगेच कळतं त्यांना. मला थोडा वेळ द्या. मी यांना पूर्ववत करून दाखवते."

"बसा ना, मॅडम," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले.

दिनकररावांसमोर न जाता त्यांनी आपली खुर्ची विजयाबाईंसमोर ओढली. त्यांच्या डोळ्यांत बारीक उजेड टाकला. माझं बोट धरा म्हणाले, आता घट्ट दाबा म्हणाले. आधी यांना बघायचं सोडून माझं कशाला, असं विजयाबाईंच्या मनात आलं. पण डॉक्टरांशी वाद घालून आजचा दिवस बिघडवायचा नव्हता. त्यांनी बोट दाबलं, होतं नव्हतं तेवढं बळ लावून.

डॉक्टरांनी मान वर केली.

"काका, आज मुद्दाम किती चुका केल्यात?"

"मोजल्या नाहीत, डॉक्टर," दिनकरराव म्हणाले. "पण तिने एकही सोडली नाही."