वखारीतला पासवर्ड

साल १९९९. प्रेमापायी घर सोडलेल्या पायलला मित्रानं कुठं लपवलंय, ते सांगणारी ई-मेल तिच्या प्रियकराच्या, अनीशच्या जुन्या लॅपटॉपवर येऊन पडली होती. त्यावर विंडोज रखडायचं, म्हणून त्यानं लिनक्स टाकलेलं. मेल वाचायच्या आतच पायलच्या वडिलांनी, हिंदुरावांनी त्याला लॅपटॉपसकट सांगलीतल्या आपल्या हळदीच्या वखारीत फरपटत आणलं.

"पासवर्ड बोल!" काठी गुडघ्यावर बसली. अनीश कळवळून काहीतरी बोलला. हिंदुरावांनी एका बोटानं ते टाइप केलं.

"मला येडा समजतो व्हय रं? एक अक्षर उमटंना हितं!"

मग त्याची बोटं मोडली, दात पडले. शेवटी हिंदुरावांनी लॅपटॉपच त्याच्या डोक्यात घातला. दोन्ही फुटले.

महिन्याभरानं पुण्याच्या दवाखान्यात पायलनं त्याचा प्लॅस्टरमधला हात कुरवाळला. "माझ्यासाठी एवढा मार खाल्लास, पण खरा पासवर्ड सांगितला नाहीस!"

अनीशनं तोंड भिंतीकडं फिरवलं.



खरा पासवर्ड त्यानं पहिल्याच फटक्याला सांगितला होता. लिनक्समध्ये तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, हे हिंदुरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एंटर दाबलंच नाही, म्हणून पायल वाचली.