तुळई बदलायची

द्वारकाबाईंच्या घराच्या मुख्य तुळईत सुताराची पटाशी मुठीपर्यंत शिरली. वरचा अख्खा मजला याच लाकडावर होता.

“वाळवीनं पोखरलंय, वहिनी. घर पाडू या. तुम्ही आमच्याकडे राहा,” धाकटे दीर म्हणाले.

नवरा गेल्यावर द्वारकाबाई महिनाभर त्यांच्याकडे राहिल्या होत्या. तिथं पाणी प्यायलासुद्धा विचारावं लागे.

“पाडायचं नाही. तुळई बदलायची,” त्या सुताराला म्हणाल्या.

जॅकवर मजला तोलून नवी सागवानी तुळई बसवली. “आता जॅक उतरवतोय, सगळे बाहेर व्हा!” सुतार ओरडला. दीर अंगणात पळाले. द्वारकाबाई मात्र जिना चढून वर गेल्या.

लाकूड करकरलं, किंचित दबलं आणि थांबलं.

त्या खिडकीतून वाकल्या. “भाऊजी, वर या! चहा घेऊन मगच तुमच्या घरी जा.”