बारशाचा वरवंटा

बाळाच्या आधी पाळण्याखालून फिरवायचा, अंगडं-टोपडं घातलेला वरवंटा आईपाशी आला, तशी स्वरूपा पुढे धावली. "आई, जड आहे. मी घेते."

पथ्यपाण्याने मधुमेही आईचं वजन उतरलं होतं, पण दंडातला जोरही गेला होता. हातून सुटेल या धास्तीने तिने नातीला अजून उचललंच नव्हतं.

"सर गं बाजूला," म्हणत आईने वरवंटा सहज विहीणबाईंकडे दिला. "डॉक्टर म्हणाले, वजनं उचला. तुझ्या बाबांचे डंबेल्स कपाटात पडलेले. ते होते तेव्हा मागे लागायचे माझ्या, 'चल, तूही कर.' आता ऐकते त्यांचं."

स्वरूपाने बाळ तिच्या हातांत दिलं, खालून स्वतःचा हात धरूनच.

"बाबांच्या डंबेलहून हलकी आहे गं ही! पाजतेस ना नीट?"

स्वरूपाने हळूच हात काढून घेतला.